उघड्या दाराची निष्ठा

तडजोड हा शब्द मराठीत मुळात वाईट नाही. शिरूर-दौंडकडच्या कोणाही शेतकऱ्याला विचारावे. बांधाच्या वादात हातभर जमीन सोडून दिली तर दोन घरांचे कोर्टकज्जे टळतात. कालव्याच्या पाण्याची पाळी शेजाऱ्याला आधी दिली तर अडीनडीला तोच शेजारी धावून येतो. घरातली माणसे एकमेकांसाठी काही ना काही सोडतात, म्हणूनच घर उभे राहते. अंगरखा मागणाऱ्याला वरचे वस्त्रही देऊन टाकावे, असे तर प्रभू येशूनेच शिकविले आहे. मग श्रद्धेच्या बाबतीत तडजोड नको असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय नको म्हणतो? काय सोडावे आणि काय सोडू नये, याची काही खूण आहे का?

हा प्रश्न केवळ रक्तसाक्ष्यांचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांना कोणी सिंहापुढे टाकणार नाही. आपल्या वाट्याला येणारा दबाव सौम्य असतो आणि पुष्कळदा प्रेमळही असतो. हितचिंतकच तो आणतात. श्रद्धा सोडा असे ते म्हणत नाहीत. ती जरा झाकून ठेवा, एवढेच म्हणतात. आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे कठीण जाते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, दौंड तालुक्यातच, केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभारले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. रमाबाई आपल्या धर्मसभेच्या नव्हत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात त्यांचा स्नानसंस्कार झाला. आपल्या लेकीला, मनोरमेला, त्यांनी त्याच वेळी प्रभूच्या पदरी घातले. पुढे कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या पूर्णपणे बसल्या नाहीत. तरीही श्रद्धेसाठी काय सोसावे लागते, हे आपल्या परिसरात त्यांच्याइतके क्वचितच कोणी दाखविले असेल.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय बालविधवांसाठी शारदासदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आणले. खर्चाचा भार अमेरिकेतील बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी उचलला होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली. शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, हे पहिल्यापासून ठरलेले होते आणि रमाबाईंना ते मान्य होते.

वाद निघाला तो एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत आपल्या मुलीसह प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. बोलावणे नव्हते, पण मज्जावही नव्हता. पुण्यात गवगवा झाला आणि 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या. ज्या शाळेसाठी रमाबाईंनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने दिली, ती डोळ्यांदेखत ओस पडू लागली.

त्यांच्याकडून मागितलेली तडजोड किती लहान होती, हे येथे पाहावे. ख्रिस्त सोडा असे रानड्यांनी म्हटले नव्हते. मुलींना प्रार्थनेपासून दूर ठेवा, दार लावून घ्या, एवढीच अपेक्षा होती. आणि ती करणारे दुष्ट नव्हते. बालविधवेला शिकविण्यासाठी आपल्याच समाजाच्या शिव्या खाणारी ती माणसे होती. या वादाने स्त्रीशिक्षणाचे कार्यच बुडेल ही त्यांची भीती खरी होती. तटस्थतेचे वचन मोडले जात आहे, हे त्यांचे म्हणणेही सहज झटकून टाकण्याजोगे नाही. दिलेला शब्द पाळणे हाही धर्मच आहे.

तरीही रमाबाई नमल्या नाहीत. त्यांची बाजू अशी होती: कोणावर आपला धर्म लादायचा नाही, हे वचन आम्ही दिले आणि पाळले, पण आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना चोरून करू, असे वचन आम्ही दिलेले नाही. जी मुलगी आपल्या धर्मातील पुस्तक वाचू इच्छिते तिला ते वाचण्याची मोकळीक आहे. जी आमची प्रार्थना ऐकू इच्छिते तिला हाकलून का द्यावे?

त्या उघड्या दाराने काय साधले, याचा एक साक्षीदार फार बोलका आहे. शारदासदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. ती रमाबाईंच्या सहवासात राहिली, शिकली, आणि ख्रिस्ती न होताच बाहेर पडली. ११ मार्च १८९३ रोजी तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यात जन्मभर साथ देणाऱ्या आनंदीबाई त्या ह्याच. त्या दारातून आत येता येत होते तसे बाहेरही जाता येत होते.

निष्ठेची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू त्याआधीची आहे आणि ती आपणा ख्रिस्ती लोकांना अधिक टोचणारी आहे. वाँटेजच्या धर्मभगिनींनी रमाबाईंना आईची माया दिली. पण त्या मायेतही एक आग्रह होता. रमाबाई शाकाहारी होत्या आणि त्यांच्या खाण्याच्या नियमांत तेथल्या काहींना जुन्या धर्माचा अवशेष दिसे. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का असावीत, आपल्या संस्कृतात का नसावीत, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यात अहंकार दिसला. त्यांनी इंग्लंडमध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनीही सुचविले. त्याने त्या दुखावल्या. काही सिद्धान्तांवर धर्मभगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. मनाला पटल्यावाचून मान डोलावणे त्यांना जमले नाही. धर्मसभेची शिकवण हा आपल्या श्रद्धेचा पाया असल्याने, त्या वादातले त्यांचे प्रत्येक मत आपण उचलून धरणार नाही. पण ख्रिस्त स्वीकारताना साडी, संस्कृत आणि साधे जेवण टाकावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. जे टाकण्याची गरज नव्हती ते त्यांनी टाकले नाही आणि जे झाकणे शक्य नव्हते ते झाकले नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची तीन चित्रे आहेत. पहिले दानिएलाचे. तीस दिवस राजावाचून कोणापुढेही याचना करू नये, असा हुकूम निघाला. दानिएल खिडकी लावून मनातल्या मनात प्रार्थना करू शकला असता. महिनाभराचा तर प्रश्न होता. पण यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून, नेहमीप्रमाणे दिवसातून तीन वेळा, तो गुडघे टेकत राहिला. कोणाला डिवचण्यासाठी त्याने नवी खिडकी उघडली नाही. रोजची उघडी खिडकी भीतीपोटी लावून घेतली नाही, एवढेच.

दुसरे चित्र मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील एलाझाराचे. नव्वद वर्षांच्या त्या शास्त्र्याला निषिद्ध मांस खाण्याची सक्ती झाली. जुन्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना दया आली. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सुचविले, की तुला चालेल असे मांस तूच घेऊन ये आणि राजाज्ञा पाळल्याचे नुसते सोंग कर. नियमही मोडत नव्हता आणि जीवही वाचत होता. पण एलाझाराला आठवली ती तरुण पोरे. उतारवयात एलाझाराने धर्म बदलला असे ती समजतील आणि आपल्या सोंगामुळे भलत्या वाटेला लागतील. त्याने मरण पत्करले.

तिसरे चित्र नामानाचे. खऱ्या देवाची ओळख पटलेला हा अरामी सेनापती अलीशा संदेष्ट्याला सांगतो: माझा राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या देवळात जातो, तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला दटावीत नाही. शांतीने जा म्हणतो.

एलाझाराला सोंग का चालले नाही आणि नामानाला वाकणे का चालले? नामानाने आपली श्रद्धा उघड सांगितली होती आणि त्याचे वाकणे म्हाताऱ्या धन्याला हात देण्यासाठी होते. एलाझाराचे सोंग मात्र इतरांना फसविण्यासाठीच असणार होते. येथे आपल्याला हवी असलेली खूण सापडते. जे आपले आहे ते खुशाल द्यावे: मान, सोय, सवय, पैसा, वेळ. जे आपले नाही, म्हणजे सत्य आणि दुसऱ्याचा विश्वास, ते देऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणूनच तुकोबांची पालखी यवत-वरवंडवरून जाते तेव्हा वारकऱ्यांना पाणी देणे, त्यांना अंगणात विसावू देणे, ही तडजोड नव्हे. ती आपल्याच धर्माची शिकवण आहे. शेजाऱ्याच्या लग्नात राबणे, त्याच्या दुःखात स्मशानापर्यंत जाणे, ही तडजोड नव्हे. आपण कोण, असे कोणी विचारल्यावर पेत्रासारखे नाही म्हणणे, ही तडजोड.

आता आपल्या घरातल्या सर्वांत अवघड ठिकाणाकडे वळू. घोड नदीकाठच्या शिरूरला आणि भीमेकाठच्या दौंडला ख्रिस्ती कुटुंबे निरनिराळ्या वाटांनी आली. कोणी रेल्वेच्या नोकरीने आले, तर कोणी याच मातीतले, गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले. या दुसऱ्यांच्या पुढ्यात मुलाला शाळेत घालतानाच एक कागद येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा आहे. पण अनुसूचित जातींचे आरक्षण नाही आणि १९८९ च्या अत्याचारप्रतिबंधक कायद्याचे छत्रही नाही. गावाने जात विसरली म्हणून काही हे छत्र गेलेले नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, पण अट कायम राहिली.

तेव्हा हितचिंतक सांगतो: दाखल्यावर हिंदू लिहा आणि घरात खुशाल रोझरी म्हणा. देवाला मन कळते, कागदाला काय विचारता? हे वाक्य आणि एलाझाराच्या मित्रांचे वाक्य सारखेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात म्हटले, की ख्रिस्ती श्रद्धा पाळीत असताना केवळ नोकरीच्या लाभासाठी हिंदू म्हणविणे ही राज्यघटनेशी प्रतारणा आहे. पण न्यायालयाच्याही आधी घरातले मूल हे पाहत असते. आपले नाव वेदीपुढे एक आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरे, हे त्याला सातव्या वर्षीच कळते. श्रद्धा ही दिवाणखान्यातून आत नेऊन ठेवायची वस्तू आहे, हा पहिला धडा ते तेथे शिकते.

आपल्या बौद्ध बांधवांकडे या बाबतीत आदराने पाहिले पाहिजे. १९५६ च्या धर्मांतरानंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलती त्यांच्यापासून दूर होत्या. तरीही अनेकांनी कागदावर बौद्ध हाच शब्द लिहिला, नुकसान सोसले, आणि कायदा बदलून घेतला. खोटी नोंद हा या अन्यायावरचा उपाय नाही. सत्य नोंद आणि सनदशीर लढा, हाच उपाय आहे.

पण एवढे सांगून थांबलो तर आपण परूश्यांच्या पंक्तीला जाऊन बसू. जड ओझी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची आणि स्वतः बोटही लावायचे नाही, याबद्दल प्रभूने त्यांना खडसावले होते. ज्याला या दाखल्याने काही गमवावे लागत नाही, त्याने कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात रोजंदारी करणाऱ्या बापाला निष्ठेचा उपदेश करावा, हे शोभत नाही. आई-बापांनी मुलाच्या पोटासाठी कागदापुढे मान वाकविली असेल, तर त्यांचा न्याय करण्यापूर्वी नामानाला शांतीने जा म्हणणारा अलीशा आठवावा. आणि मग विचारावे, की त्यांच्या खऱ्या नोंदीची किंमत आपण वाटून घेतली का? धर्मग्रामाने त्या मुलाच्या फीसाठी, वसतिगृहासाठी, पुस्तकांसाठी काही बाजूला काढले का? शिकलेल्यांनी अर्ज लिहायला, हक्काच्या इतर योजना शोधायला मदत केली का?

रमाबाई १८९३ मध्ये उभ्या राहू शकल्या, याला त्यांचा विश्वास कारण होता. पण बोस्टनच्या असोसिएशनने आपला हात काढून घेतला नाही, ठरलेली दहा वर्षे निभावली, हेही कारण होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. ज्यांना पुण्यात ठेवण्याची सोय राहिली नाही त्यांच्यासाठी केडगावचे शेत होते. ज्या दारातून पंचवीस मुली नेल्या गेल्या, त्या दारातून पुढे शेकडो आल्या. त्यांत जातिवंत कोण, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा काढला. कोणालाही सद्सद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये आणि तिच्याप्रमाणे वागण्यापासून अडवूही नये, असे त्यात सांगितले आहे. केडगावच्या त्या बाईने हेच बहात्तर वर्षांपूर्वी आपल्या खोलीच्या दाराने सांगितले होते. आपल्या घराचे दार आपण भीतीने लावून घेऊ नये. त्या दारात उभे राहून कोणाचा हात धरून ओढू नये. आणि दार उघडे ठेवल्यामुळे ज्याच्या घरात वारा शिरतो, त्याच्या अंगावर आपले पांघरूण घालावे. त्या पांघरुणावाचून निष्ठेचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.