मुक्तिदात्याची आई

परग्रहावरच्या लुटुपुटीच्या लढाईचा आपल्या जगण्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. ग्रह काल्पनिक असतो हे खरेच. परंतु कब्जा, गुलामी आणि सुटका या गोष्टी माणसाने स्वतःच्याच इतिहासातून उचलून तिथे नेल्या आहेत, असे आम्हाला वाटते.

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द फँटम मेनेस’ हा चित्रपट १९९९ साली आला. व्यापारी मार्गांवरील कराच्या वादातून एक व्यापारी महासंघ नाबू नावाच्या ग्रहावर यंत्रसैनिकांची फौज उतरवतो. (व्यापारी देश कसा गिळतात, हे आम्हा हिंदुस्थानी लोकांना नव्याने सांगायला नको.) तरुण राणी अमिडाला प्रजासत्ताकाच्या सभागृहात दाद मागते. तिथे नुसताच काथ्याकूट चालतो. मग ती परत येते आणि पाण्याखाली राहणाऱ्या गुंगन जमातीच्या प्रमुखापुढे गुडघे टेकते. वरचे लोक आपल्याला कमी लेखतात, ही गुंगनांची जुनी सल. तरीही ते तयार होतात. त्यांच्या वाट्याला काम येते ते उघड्या मैदानात उभे राहून शत्रूची फौज आपल्या अंगावर ओढून घेण्याचे!

राणीला आम्ही दोष देत नाही. तीही जीव धोक्यात घालून राजवाड्यात शिरते. प्रश्न पुढचा आहे.

अवकाशात शत्रूचे नियंत्रण जहाज फोडल्याशिवाय यंत्रसैनिक थांबणार नसतात. ते फोडतो अनाकिन नावाचा नऊ वर्षांचा पोरगा. कालपरवापर्यंत तो टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर गुलाम होता. एका शर्यतीच्या पैजेत त्याची सुटका झाली. आईची, श्मीची, झाली नाही. मालकाने दोघांना पणाला लावायला नकार दिला होता. ‘इथे लपून बस’ म्हणून सांगितलेल्या विमानातूनच तो नकळत लढाईत ओढला जातो, जहाज फुटते आणि नाबू मुक्त होते. मिरवणूक निघते, फुले उधळली जातात.

आणि श्मी? ती गुलामच.

प्रजासत्ताकात गुलामीला बंदी आहे, पण टॅटूइनपर्यंत तो कायदा पोचत नाही, असे उत्तर मिळेल. लढाईपूर्वी ते आम्ही मान्य करू. तेव्हा वेळही नव्हता, पैसाही नव्हता. विजयानंतर मात्र राणीला सिंहासन परत मिळाले होते आणि त्या आईच्या घरात राणी स्वतः जेवली होती. तरी चित्रपटात कुणी तिकडे फिरकत नाही.

हे केवळ पडद्यावर घडते असेही नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. फ्रान्ससाठी लढून जर्मनांच्या कैदेत पडलेले पश्चिम आफ्रिकेचे सैनिक सुटून डाकारजवळच्या थियारोय छावणीत आले आणि त्यांनी थकलेला पगार मागितला. १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मागणी काय होती? पगाराची!

श्मीची सुटका पुढे होते, पण ती करतो एक साधा शेतकरी. तो तिला विकत घेतो, मुक्त करतो आणि तिच्याशी लग्न करतो. २००२ च्या पुढच्या चित्रपटात अनाकिन दहा वर्षांनी आईला शोधत येतो. तोवर वाळवंटातल्या टोळीने तिला पळवून नेलेले असते. ती त्याच्या हातांतच प्राण सोडते, आणि त्या रात्री नाबूचा तो मुक्तिदाता टोळीची सगळी वस्ती बायकापोरांसकट कापून काढतो.