शोभेची पेटी आणि साठ्याचा अधिकार

संगणकावरच्या खेळाचा विषय या पानांवर पाहून काही माउलींच्या कपाळाला आठी पडेल. पण चंद्रपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोली या भागांतल्या माळकरी घरांतली शिकती मुले हे खेळ खेळतात. ती हरिपाठालाही बसतात, मृदंगही वाजवतात, आणि रात्री मित्रांबरोबर खेळतातही. खेळता खेळता त्यांच्यात न्याय-अन्यायाचा एक वाद निघतो. तो त्यांनी आपल्यासमोर आणला तर ‘खेळ सोडून द्या’ एवढे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे.

वाद असा. खेळात एकाने खरे पैसे मोजून शोभेची वस्तू घेतली. विकणारा म्हणतो, ही नुसती शोभा आहे, हिने कोणाला बळ मिळत नाही. पण त्या वस्तूत सामान ठेवायला इतरांपेक्षा जास्त जागा मिळते, किंवा तिचा आकार असा असतो की तेवढ्याच खोलीत जास्त पेट्या मावतात. मग ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्यावर अन्याय झाला का?

आधी खेळ कसा असतो ते सांगतो. ‘रस्ट’ नावाचा एक इंग्लंडात तयार झालेला खेळ आहे, ‘फॉलआउट 76’ नावाचा अमेरिकेतला आहे; असे बरेच आहेत. खेळणारा ओसाड मुलखात जवळपास रिकाम्या हाताने उतरतो. लाकूड तोडायचे, दगड फोडायचा, भूक-तहान सांभाळायची, निवारा उभारायचा, मिळवलेले साठवायचे आणि टिकून राहायचे. त्याच मुलखात दुसरी हाडामांसाची माणसे आपापल्या घरून खेळत असतात. कोणी मदत करतो, कोणी लुटतो. वनात राहून पोट भरणे याचा शहरातल्या माणसाला खेळ वाटावा, यावर आमच्या एटापल्ली-भामरागडकडची म्हातारी माणसे हसतील. हसू द्या. पण या खेळाचे मर्म त्यांनाच सर्वांत लवकर कळेल, कारण साठवायला जागा असणे आणि नसणे यातला फरक त्यांनी जन्मभर पाहिला आहे.

शोभेला वारकऱ्याचा विरोध नाही. पांडुरंगाला आपण अलंकार घालतो, पालखीला फुले बांधतो, दिंडीतल्या पताका नव्या शिवून घेतो. एखाद्याच्या तुळशीच्या माळेला चांदीची गुंफण असते, एखाद्याची माळ साध्या दोऱ्यात ओवलेली असते. भजनात दोघांचा टाळ एकाच ठेक्यावर पडतो, म्हणून चांदीने कोणाचे काही बिघडत नाही. पण उद्या कोणी म्हणाला की चांदीच्या माळेवाल्याला दर्शनबारीत चार तास आधी सोडू, तर त्या क्षणी ती चांदी शोभा उरत नाही. तिचा अधिकार होतो. तिचे नाव ‘शोभा’ असेच ठेवले तर अन्यायात असत्याचीही भर पडते.

खेळातल्या वस्तूही याच मापाने मोजाव्यात. पेटीचा नुसता रंग बदलला, तर ती शोभा. वेगळ्या रंगामुळे कोणत्या पेटीत काय ठेवले हे चटकन ओळखता येते, ही थोडी सोय झाली. एवढ्यावर भांडू नये, खडूने खूण करून गरीबही आपली पेटी ओळखतो. पण त्या पेटीत इतरांच्या पेटीपेक्षा अधिक सामान मावू लागले की सीमा ओलांडली. आपल्याकडे मोबाइलवर खेळतात त्या ‘फ्री फायर मॅक्स’मध्येही बंदुकीच्या विकत घेतलेल्या रूपाबरोबर तिचा मारा किंवा वेग थोडा बदलतो, हे मुलांना पाठ असते. ‘रूप’ म्हणून घेतले आणि सोबत बळ आले, हा प्रकार त्यांना नवा नाही.

कोणी म्हणेल, बंदुकीचे बळ समजले, पण जागेने काय होते? पेटी काही कोणाला मारत नाही.

यासाठी मोहाकडे पाहावे. मार्च-एप्रिलात पहाटे उठून बायाबापे, लेकरे झाडाखालची फुले वेचतात. ती अंगणात वाळवायची, आणि मग ओल लागणार नाही अशा जागी ठेवायची. ज्याच्या घरात कोरडी, मोकळी खोली नाही, आणि तेल-मिठाला हातात रोकड नाही, तो आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने फुले देऊन मोकळा होतो. व्यापाऱ्याकडे कोठी असते. पावसाळा लागला, झाडाखाली काही उरले नाही, की भाव चढतो. आणि वेचणाऱ्यालाच कधी कधी आपलीच फुले चढ्या भावाने परत घ्यावी लागतात. दोघांत श्रम कोणी केले, पहाटेचे दव कोणाच्या पायांना लागले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी नफा कोठीवाल्याचा. कारण थांबण्याची ताकद त्याच्याकडे आहे. साठ्याची जागा म्हणजे थांबण्याची ताकद, आणि बाजारात काय किंवा खेळातल्या मुलखात काय, जो थांबू शकतो तो दुसऱ्याला वाकवतो. म्हणून जागेला शोभेत मोजता येत नाही.

आता प्रत्यक्ष घडलेले पाहू. ‘फॉलआउट 76’ हा खेळ नोव्हेंबर 2018 मध्ये बाजारात आला. बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीने आधी सांगितले होते की खेळात पैशाने घ्यायच्या वस्तू केवळ दिसण्याच्या असतील. प्रत्येकाला साठ्यासाठी एक पेटी होती आणि तिची मर्यादा सुरुवातीला 400 वजनाची होती. ती कमी पडते अशी ओरड झाली, तेव्हा कंपनीचे म्हणणे होते की मर्यादा तांत्रिक कारणाने आहे, खेळ सुरळीत चालावा म्हणून आहे. हळूहळू ती वाढवलीही गेली. मग 2019 मध्ये आधी दुरुस्तीचे साहित्य पैशाने मिळू लागले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मासिक वर्गणी निघाली, महिन्याला 12.99 डॉलर. ती भरणाऱ्याला कच्च्या मालासाठी एक पेटी मिळाली. तिला मर्यादाच नाही. या खेळात मेल्यावर अंगावरचा कच्चा माल खाली सांडतो आणि दुसरा कोणीही तो उचलू शकतो. तेव्हा सगळा माल ठेवून यायला अमर्याद पेटी असणे म्हणजे काय, ते सांगायला नको. खेळणाऱ्यांत मोठा असंतोष झाला. वर्गणी भरणारे आणि न भरणारे, अशा दोन जाती पडल्यासारखे झाले.

यात मला सर्वांत बोचते ते वचनाचे. पण त्याहून खोल गोष्ट मर्यादेची आहे. मर्यादा सर्वांच्या हितासाठी आहे असे एकदा सांगितले, तर पैसे देणाऱ्याला ती कशी उठवता येते? खेळावर ताण पडतो म्हणून मर्यादा असेल, तर पैसेवाल्याच्या सामानानेही ताण पडणारच. आणि ताण पडत नसेल, तर न देणाऱ्याला ती कशासाठी? आधी अडचण उभी करायची आणि मग तीच दूर करण्याचे पैसे मागायचे, हा व्यवहार सावकारीच्या फार जवळ जातो.

खरी मर्यादा कशी असते ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने दाखवले आहे. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला 2012 मध्ये वनावरचा सामूहिक हक्क मिळाला. गाव बांबूवर जगते. तेंदूपत्ता तोडला तर रोख पैसा येतो, आजूबाजूची गावे तोडतात. पण झाडांची हानी होते, आग लावली जाते, फळे हातची जातात, म्हणून पाचगावने तेंदूपत्ता तोडणे सोडले. ही मर्यादा सर्वांना सारखी. जो जास्त पैसे देईल त्याने तेवढी पाने तोडावीत, अशी पळवाट त्यात ठेवलेली नाही. पळवाट ठेवली असती तर त्या दिवशी ते व्रत राहिले नसते, दुकान झाले असते.

पूर्वपक्ष मात्र नीट ऐकला पाहिजे. तो म्हणतो, खेळ बनवणाऱ्यांनाही पोट आहे. शेकडो माणसे तिथे राबतात. पैसे कुठून यायचे? यावर मला दामाजीपंतांची कथा आठवते, पण आपण सांगतो त्याहून थोड्या वेगळ्या अंगाने. मंगळवेढ्याला दुष्काळात पंतांनी बादशाही कोठार उघडले, भुकेल्यांना धान्य वाटले, हे आपण गहिवरून सांगतो. पण कथा तिथे संपत नाही. देव विठू महार होऊन बेदरला जातो, धान्याचे मोल बादशहापुढे ओततो आणि पावती घेतो. म्हणजे आपल्या परंपरेने भुकेल्याचा हक्क मोठा मानला, तरी कोठारवाल्याचे देणे बुडवले नाही. राबणाऱ्याचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. ते खेळाच्या मूळ किमतीतून घ्यावे, रंगारूपातून घ्यावे, नव्या मुलखाचे सर्वांकडून सारखे घ्यावे. मोल घ्यायला हरकत नाही, ते पंक्तीतल्या एकाच्या पानावर जास्त वाढण्याचे नसावे.

दुसरा पूर्वपक्ष याहून अवघड आहे. वेकोलिच्या खाणीत पाळीवर जाणारा तरुण म्हणतो, ‘महाराज, माझ्याकडे पैसा आहे, वेळ नाही. कॉलेजच्या पोराकडे वेळ आहे, पैसा नाही. तो दिवसाचे सहा तास देऊन साठा करतो, मी पगारातले पाचशे देतो. त्याचा वेळ चालतो, मग माझा घाम का नाही चालत?’ या प्रश्नाला मला पूर्ण उत्तर सापडलेले नाही. रिकामा वेळही सर्वांना सारखा मिळत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. एवढे मात्र म्हणता येईल की खेळातला वेळ सर्वांच्या डोळ्यांदेखत जातो, त्यात धोका असतो, मिळवलेले लुटले जाऊ शकते. बाहेरून आलेल्या पैशाला तो धोका नाही. वारीत चालणाऱ्याला ऊन लागते, गाडीने पंढरीला येणाऱ्याला लागत नाही. दोघांनाही पांडुरंग भेटतो, पण गाडीने आलेला ‘मी चालत आलो’ म्हणत नाही. त्या तरुणासाठी न्याय्य वाट वेगळी असावी. थोडा वेळ खेळणाऱ्यांचे निराळे मैदान असावे, साठ्याचे नियम तिथे सर्वांना सैल असावेत. वरच्या वर्गणीतही स्वतःपुरते वेगळे जग मिळतेच, आणि तिथे अमर्याद पेटी वापरली तर कोणाचे काही जात नाही. खटकते ते हे, की तोच साठा घेऊन माणूस सार्वजनिक मुलखात उतरतो.

‘रस्ट’मध्ये एक रीत आहे, ती कळली तेव्हा मी बराच वेळ विचार करत राहिलो. तिथे महिन्यातून एकदा तरी सगळा मुलूख पुसला जातो. घरे, पेट्या, साठे, सगळे जाते आणि सगळे पुन्हा उघड्यावर येतात. वारकऱ्याला हे पटण्यासारखे आहे. आपणही देहाबद्दल हेच सांगत आलो. पण त्यात एक मेख आहे. श्रमाने जमवलेले पुसले जाते, विकत घेतलेले रूप पुसले जात नाही, ते खात्यावर कायम राहते. आपण शिकवतो की माणसाबरोबर कर्म जाते आणि घेतलेले इथेच राहते. तिथे नेमके उलटे. रूप केवळ रूप असेल तोवर यावर हसून सोडून द्यावे. पण त्या रूपात जागा दडली असेल, तर दर महिन्याला ‘सगळे समान’ म्हणून मैदान पुसायचे आणि काहींनी मात्र पुढच्या पायरीवरूनच सुरुवात करायची, असे होते. तुकोबारायांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत सोडली तेव्हा एकही खत मागे ठेवले नाही, हे इथे ध्यानात येते.

मग ठरवायचे कोणी? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाची अडचण असेल तर बोलणे चालू राहते. 2013 मध्ये या गावाने ग्रामदान केले, शेतजमीन ग्रामसभेकडे सोपवली. विनोबांच्या ग्रामदानाच्या कल्पनेत उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषात जातो, म्हणजे साठा सर्वांचा आणि अडलेल्याच्या उपयोगाचा. खेळाच्या कंपनीत असली ग्रामसभा नाही. खेळणाऱ्याचा तिथे एकच आवाज, पैसे देणे किंवा खेळ सोडणे. पण मुलांच्या टोळीत ती असू शकते. चार मित्र एका निवाऱ्यात राहतात, एकाने विकत घेतलेली पेटी चौघे उघडतात, तेव्हा त्या चौघांत ती पेटी ग्रामकोषासारखी होते. हे मुलांनी मला अभिमानाने सांगितले आणि मला ते आवडले. फक्त त्याच टेकडीखाली एकटा खेळणारा एक मुलगा आहे. त्याच्याकडे पेटीला पैसे नाहीत, आणि त्याला अजून कोणी आत बोलावलेले नाही.