आईचं नाव पुढं करू नकोस

बस समोर. आणि ‘बाई, आमच्या आईला पटत नाही’ हे वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस.

लातूरला प्लॉट घेतलास, तेव्हा आईला पटलं होतं? जमीन बटईनं लावलीस, तेव्हा कुणाला विचारलंस? लहानी अजून अंगावर पीत होती, बायकोला दिवस गेले, आणि तू मेडिकलवरून गोळ्या आणून दिल्यास. ना डॉक्टर, ना चिठ्ठी. आठ दिवस तिच्या अंगावरून जात होतं. तेव्हा आईला विचारलं होतंस? तिथं तू कर्ता पुरुष. पाळणा लांबवायचा म्हटलं की लगेच आईच्या पदराआड.

आईचं मला कळतं. आणीबाणीत माणसं धरून नेऊन नसबंद्या केल्या. लोक रानात लपून बसले. त्या पिढीनं दवाखान्याचा धसका घेतला, त्यात तिची काय चूक? पण तुला कोण धरून नेतंय?

दहावीला प्रजननाचा धडा मी शिकवला. खाली माना घालून खिदळणाऱ्यांत तू नव्हतास. मुलगा की मुलगी हे बापाच्या गुणसूत्रावर ठरतं, हे पेपरात बरोबर लिहून मार्क घेतलेस. आणि आज दोन मुलींच्या आईला म्हणतोस, ‘अजून एक चान्स घेऊ’? थोरली चौदा महिन्यांची असताना धाकटी झाली. लग्नानंतर दोन वर्षं थांबा, दोन लेकरांत तीन वर्षं ठेवा, हे आशाताई गावभर सांगत फिरते. ती तुझ्या दारात आली की तू गाडीला किक मारतोस. का? लाज वाटते? लेकरं झाली तेव्हा पेढे वाटताना वाटली नाही.

तांबी नको, कारण ती वर चढून काळजात जाते. कुणी सांगितलं? टपरीवर कुणीतरी बोललं. सोयाबीनचं बियाणं घेताना तीन दुकानं फिरतोस, उगवण तपासल्याशिवाय पेरत नाहीस. बायकोच्या जिवाला टपरीवरची बातमी पुरते? गर्भपिशवीतून काळजाकडं वाट कुठून गेली, काढून दाखव आकृती. हो, तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळीला जास्त जातं, पोटात दुखतं. ते खरं आहे आणि कुणी लपवूही नये. त्रास होतो म्हणाली तर तिचं ऐकायचं, डॉक्टरला दाखवायचं. नाहीच मानवली तर काढता येते. छाया नावाची गोळी आहे, बिनहार्मोनची, आपल्याच देशात लखनौला शोधलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात ही गोळीही फुकट आणि ‘अंतरा’ नावाचं पाळणा लांबवायचं इंजेक्शनही फुकट.

अंतरावरून आठवलं. तुझ्या बायकोचं कार्ड तिनंच मला दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत जपून ठेवलेलं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. पहिलं घेतलं. दुसऱ्याच्या तारखेला सिस्टरनं पेनानं गोल केलाय. त्या दिवशी तुझी फवारणी होती. वस्तीवरून चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयात ती कशानं जाणार? कडेवर एक, बोटाला एक. अरे, तारीख टळली तरी पुढं चार आठवड्यांपर्यंत ते इंजेक्शन घेता येतं. चार आठवड्यांत तुला एक सकाळ सापडली नाही? पुढं काही महिन्यांनी दिवस गेले आणि तू सांगत सुटलास, सरकारी सुई खोटी. सुई खोटी नव्हती. तू नेलं नाहीस.

आता नवीन काय काढलंस? मुलगा झाला की लगेच तिचं ऑपरेशन करून टाकू. तिचं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात शंभर विवाहित बायकांमागं ४९ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषाची नसबंदी शंभरात एकसुद्धा नाही. देशातल्या ३५ टक्के पुरुषांनी त्याच सर्वेक्षणात सांगितलं, हे बायकांचं काम आहे, पुरुषानं त्यात डोकं घालू नये. तू त्या पस्तिसांतला आहेस का? तसं असेल तर माझ्या तोंडावर सांग.

नसबंदीनं ताकद जाते म्हणे. कुठली जाते? नुसत्या दोन नळ्या बांधतात. हार्मोन तयार होतात तसेच होत राहतात. पोट उघडत नाहीत, टाका घालत नाहीत, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पुढं तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करून घ्यायची. तिचं पोट कापायचं, आणि तुला साध्या चौकशीची भीती?

वर म्हणतोस, ‘मी परवानगी दिलीय.’ कोण तू परवानगी देणारा? तिच्या ऑपरेशनला नियमानं नवऱ्याची संमती लागतच नाही. शरीर तिचं, सही तिची.

आणि लोक काय म्हणतील हे तर बोलूच नकोस. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. कॉलेजातली प्राध्यापकी गेली, खटले अंगावर आले, तरी माणूस हटला नाही. शंभर वर्षं उलटली त्याला. आशाताईसमोर दहा मिनिटं बसल्यानं तुझं काय जाणार आहे?

आज घरी गेलास की लेकरं झोपल्यावर तिला विचार. अजून लेकरू हवंय का, हवं असेल तर कधी. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणेल ती. ते उत्तर धरू नकोस. सहा वर्षांत तिला दुसरं उत्तर द्यायची सोयच कुणी ठेवली नाही. पुन्हा विचार, आणि गप्प बसून ऐक. मग तिला घेऊन चाकूरला जा. केसपेपरच्या रांगेत तू उभा राहा, लेकरं तू सांभाळ. तिला डॉक्टरशी एकटीनं बोलायचं असेल तर बोलू दे. तुला आत बोलावलं तर चहाच्या निमित्तानं सटकू नकोस. आणि नसबंदीची चौकशी तुझ्या तोंडानं कर.