भाडेकरूची भीती

नवी मुंबईत भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेणारा माणूस गृहकर्जाचा हप्ता, सिडकोचं हस्तांतरण शुल्क, भोगवटा प्रमाणपत्र, स्टेशनपासूनचं अंतर यांची महिनोन्महिने चौकशी करतो. भाडेकरूचा विषय निघाला की मात्र चौकशी थांबते आणि अटी सुरू होतात: बॅचलर नको, एकट्या मुली नकोत, अमुक धर्माचे नकोत, फॅमिलीच हवी. या अटींमागे बऱ्याचदा पूर्वग्रह असतो आणि त्याला बळ देणारी एक जुनी भीतीही असते, की भाडेकरू घर बळकावील. ही भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. गिरगाव-दादरच्या मालकांनी त्याचे परिणाम पिढ्यान्पिढ्या भोगले. पण सिडकोची स्थापनाच १९७० ची. वाशी, नेरूळ, खारघर इथल्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या, आणि आज इथे होणारा करार १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली होतो. शहर बदललं, कायदा बदलला. भीती मात्र तीच राहिली.

नव्या कायद्याने मालकाला काय दिलं, ते नीट वाचायला हवं. कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर रिकामं न करणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. कलम ५५ मात्र जबाबदारी मालकावरच टाकतं: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा सर्रास ऐकू येणारा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. म्हणजे जो मालक नोंदणीचा खर्च वाचवतो आणि बॅचलरला नकार देतो, तो स्वतःच संरक्षण सोडून देतो.

यावर कुणी म्हणेल, कायदा कागदावर आहे, निकाल वेळेवर कुठे लागतात? आक्षेप खरा आहे. पण विलंबाचा धोका भाडेकरूच्या लग्नाने कमी होत नाही. तो कमी होतो पगाराची स्लिप, नोकरीची खातरजमा आणि आधीच्या मालकाशी झालेलं बोलणं यांनी. शिवाय इथे मागणी कुणाची आहे? ऐरोलीच्या आयटी पार्कमधले तरुण, नेरूळ-खारघरच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी, खारघरच्या टाटा केंद्रात उपचारासाठी आलेल्या रुग्णांचे नातेवाईक. त्यांना वगळून ‘योग्य’ कुटुंबाची वाट पाहताना घर एक महिना रिकामं राहिलं, तरी वर्षाच्या भाड्यातले आठ टक्क्यांहून जास्त गेले. समजा, ऐंशी लाखांच्या घराला वीस हजार भाडं मिळतं. वर्षाचा परतावा तीन टक्के, तोही मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा होण्याआधी. इतक्या पातळ हिशेबात भाडेकरूंना असं वगळणं मालकाला परवडत नाही. सोसायटी आडवी येते, हेही खरं. तिथे पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती आणि नोंदणीकृत कराराची प्रत पुढे करून ठाम राहायला हवं. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते त्या नॉन-ऑक्युपन्सी चार्जवर राज्य सरकारने २००१ मध्येच सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, तीही माहीत असावी.

या भीतीत वाया जाणारी शक्ती घराकडे वळावी असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात भिंत ओली होते का, पाणी दिवसातून किती वेळ येतं, खिडक्यांना जाळ्या आहेत का, हे भाडेकरू येण्याआधी मालकाने स्वतः पाहावं. आणि डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवावं. ते फर्निचरमध्ये किंवा कर्जात घातलं की जुन्या भाडेकरूचे पैसे परत करायला नव्याच्या डिपॉझिटची वाट पाहावी लागते, आणि निघताना आपले पैसे मिळतील की नाही ही धास्ती भाडेकरूलाही असते. कोणत्या नुकसानीचे किती कापले जातील आणि उरलेले किती दिवसांत परत मिळतील, हे करारात लिहून देणं मालकाच्याच हातात आहे.