लाल टोकाचं टंगस्टन

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचं काम करणारी लहानमोठी वर्कशॉप पुष्कळ. तिथं आर्गॉन वेल्डिंगला जे टंगस्टन वापरतात, त्यातल्या काही काड्यांच्या टोकाला लाल रंग असतो. तो रंग सांगतो, की या टंगस्टनमध्ये सुमारे 2 टक्के थोरियम डायऑक्साइड मिसळलेलं आहे. थोरियम किरणोत्सारी आहे.

इथल्या एका वेल्डरनं मला विचारलं होतं, "सार, ही काडी खिशात ठेवली तर चालेल ना?" खिशाची फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती शेजारी फिरणाऱ्या ग्राइंडरची. त्याच्यावर तो दिवसभर टोकं काढत होता, तोंडावर काही न बांधता.

थोरियमचं हे ऑक्साइड विलक्षण स्थिर आहे. सुमारे 3,300 अंश सेल्सियसला ते वितळतं. इतकं तापमान सोसणारं दुसरं ऑक्साइड माहीत नाही. युरेनियमचं डायऑक्साइड हवेत तापवलं तर आणखी ऑक्सिजन घेऊन बदलतं. थोरियमला तशी हाव नाही, ऑक्सिजनशी त्याचा व्यवहार एकदाच होतो आणि कायमचा मिटतो. टंगस्टनमध्ये त्याचे बारीक कण असले की इलेक्ट्रॉन सहज सुटतात, आर्क चटकन पेटते आणि टोक लवकर बिघडत नाही. जुन्या गॅसबत्तीचं मँटलही याच ऑक्साइडचं, त्यात 1 टक्का सीरियमचं ऑक्साइड. त्यासाठीच तर 1909 नंतर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट वाळू युरोपात जाऊ लागली.

पण रसायनाची ही शांतता अणूच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. ऑक्सिजननं कितीही घट्ट धरलं तरी थोरियमचा गाभा फुटायचा तेव्हा फुटतोच. थोरियम-232चं अर्धायुष्य सुमारे 1,400 कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाइतकं. म्हणून किरणोत्सार मंद. त्यातले अल्फा कण त्वचेच्या वरच्या मृत थरातच अडतात. अख्खी काडी हाताळण्यात म्हणूनच धोका नगण्य.

तिची धूळ फुप्फुसात गेली की हिशेब उलटतो. आर्कमध्ये जी स्थिरता गुण होती, तीच तिथं दोष ठरते: ऑक्साइड विरघळत नाही, म्हणून शरीराबाहेरही जात नाही. याचा कडू पुरावा वैद्यकाकडे आहे. 1930च्या दशकापासून एक्स-रे चित्र स्पष्ट दिसावं म्हणून थोरोट्रास्ट नावाचं औषध रक्तात टोचत. ते याच ऑक्साइडचं होतं. यकृतात ते आयुष्यभर राहिलं आणि अनेकांना काही दशकांनी यकृताचा कर्करोग झाला. थोरियमच्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतही हाच हट्ट आडवा येतो. नुसत्या नायट्रिक आम्लाला हे ऑक्साइड दाद देत नाही. थोडं फ्लोराइड घालावं लागतं, आणि ते भांड्याचं स्टील खातं.

'किरणोत्सारी' हा शब्द ऐकून घाबरणं सोपं, आणि रोज हाताळून निर्ढावणंही तितकंच सोपं. भीती योग्य जागी ठेवणं अवघड. इथं ती जागा काडी नव्हे, धूळ आहे. लँथॅनम किंवा सीरियम मिसळलेल्या, किरणोत्सारी नसलेल्या काड्या बाजारात मिळतात. वर्कशॉप-मालकांनी त्याच घ्याव्यात. लाल टोकं संपेपर्यंत ग्राइंडरला धूळ ओढणारी सोय आणि वेल्डरच्या नाकावर चांगला मास्क हवा, आणि डबा उघडण्याआधी हात धुतलेले हवेत.