मैदानात नाव कुणाचं घ्यायचं?

७ फेब्रुवारी २०२१ रोजी टॅम्पा शहरात सुपर बोल झाला. अमेरिकन फुटबॉलचा हा अंतिम सामना म्हणजे तिकडचा सर्वांत मोठा क्रीडासोहळा. त्या दिवशी नाणेफेकीच्या आधी अमांडा गोरमन या २२ वर्षांच्या कवयित्रीची कविता सादर झाली. सुपर बोलमध्ये गाणं नेहमीचंच, कविता मात्र प्रथमच आली. त्याच्या १८ दिवस आधी राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या शपथविधीत याच मुलीने कविता म्हटली होती.

दूरचित्रवाणीवर हा सामना ९ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. कवितेला एवढी माणसं मिळाली, याचा आनंद मलाही झाला. पण माझ्या मनात राहिली ती त्या कवितेतली नावं. तिच्यात एकाही खेळाडूची स्तुती नव्हती. महामारीच्या त्या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्या लीगने तिघांना मानाचे कर्णधार नेमलं होतं: अतिदक्षता विभागातल्या परिचारिका सूझी डॉर्नर, विद्यार्थ्यांना ऑनलाइन शाळेसाठी साधनं मिळवून देणारे शिक्षक ट्रिमेन डेव्हिस आणि मरीन दलातले माजी सैनिक जेम्स मार्टिन. कविता या तिघांवर होती. स्टेडियममधल्या सुमारे २५ हजार प्रेक्षकांत साडेसात हजार आरोग्य कर्मचारी लीगने बोलावलेले होते. म्हणजे ज्या परिचारिकेची स्तुती चालली होती, तिच्यासारखीच माणसं समोर बसली होती.

यावर आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. ही कविता मागवून घेतलेली. मागवणारी लीग तीच, जिच्या मैदानावर २०१६ मध्ये कॉलिन केपरनिकने कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्या मोसमानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही. तिथे एका कृष्णवर्णीय मुलीची कविता झाली की लीगचा चेहरा उजळतो. मला हे खरं वाटतं. मागणीवरून लिहिलेली कविता म्हणून ती खोटी, हा त्यापुढचा निष्कर्ष मात्र मी मानत नाही.

मैदानातली कविता जन्मापासूनच मागणीची आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक कवी पिंडार ऑलिंपियाच्या विजेत्यांवर स्तोत्रं रचायचा, तीही मोबदला घेऊन. आधुनिक ऑलिंपिकमध्ये १९१२ ते १९४८ पर्यंत साहित्यालाही पदकं होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भावकवितेचं सुवर्ण फिनलंडच्या आले ट्यून्नी या कवयित्रीने जिंकलं. आपले शाहीर तरी आश्रयाशिवाय कुठे उभे राहिले? आणि कोल्हापूर-सांगलीच्या कुस्ती मैदानात हलगी-घुमक्याच्या तालावर शंकर पुजारींसारखा निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम एकामागून एक सांगू लागतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ते कवितेपेक्षा वेगळं वाटत नाही. पैलवानाबरोबर त्याच्या वस्तादाचंही नाव मैदानात घ्यायचं, ही तिथली रीत मला फार मोलाची वाटते.

पिंडारच्या एका प्रसिद्ध स्तोत्रातली गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. इ.स.पू. ४७६ मध्ये सिराक्यूसचा सत्ताधीश हिएरॉन याचा घोडा शर्यत जिंकला. स्तोत्रात हिएरॉनची थोरवी आहे, फेरेनिकोस या घोड्याचंही नाव आहे. त्या घोड्यावर बसून शर्यत जिंकणाऱ्या स्वाराचं नाव नाही. अडीच हजार वर्षांनी आपल्याला घोडा माहीत आहे, स्वार नाही. पैसे हिएरॉनचे होते, पण स्वाराला वगळायला पिंडारला कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्या काळच्या रिवाजात स्वार मोजलाच जात नव्हता, आणि एवढा मोठा कवीही त्या रिवाजाबाहेर गेला नाही. मैदानातल्या कवीची कसोटी मला इथे दिसते. प्रसंग दुसरा कुणी देईल, मानधनही देईल. कुणाचं नाव घ्यायचं हे कवीने ठरवायचं. गोरमनने स्तुती विजेत्यांकडून सेवा करणाऱ्यांकडे वळवली, हे मोठं काम. मात्र ती तीन नावं लीगने निवडलेली होती. शब्द तिचे, यादी दुसऱ्याची. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती कवितेपेक्षा बोलावणाऱ्यांविषयी जास्त आहे.

नाव कुणाचं घ्यायचं, हा प्रश्न मी सुरतेच्या उत्तर टोकाला असलेल्या कोसाड या वस्तीच्या संदर्भात विचारतो. जळगाव, धुळे, नंदुरबार ओलांडून येणारी तापी सुरतेतून समुद्राला मिळते आणि तिच्याच खोऱ्यातून, भुसावळ-सुरत रेल्वेने, खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या शहरात आली. यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, कापड मार्केट यांत ती राबली. नदीकाठच्या झोपडपट्ट्या उठल्या तेव्हा त्यांतली हजारो कुटुंबं महापालिकेने कोसाडला बांधलेल्या आवास वसाहतीत आली. अशा घरात आजी अहिराणी बोलते, मूल मराठी शाळेत जातं, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी चालते. सुरत महापालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते, मराठी त्यांतलं एक. ही गोष्ट कमी नाही. पण त्या शाळेत तयार झालेला आवाज पुढे कुठे जातो? शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत.

खेळात मात्र याच शहरात कोवळ्या वयालाही मोठं मैदान मिळालं. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शफाली वर्मा भारताकडून पहिला टी-ट्वेंटी सामना खेळली. वय १५. ही कोवळी आहे, अजून थांबू द्या, असं निवड समिती म्हणाली नाही. तेवढ्याच वयाच्या मुलीने कविता लिहिली तर आपण तिला आधी स्पर्धेत पाठवतो, मग 'नवोदित' या रकान्यात बसवतो, आणि मोठ्या माणसांचं संमेलन संपत आल्यावर, खुर्च्या रिकाम्या झाल्यावर माइक देतो. कविता पिकायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर ती पिकत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आपल्या वस्त्यांत टेनिस बॉलच्या रात्रीच्या क्रिकेट स्पर्धा होतात. गर्दी असते, दिवे असतात, लाउडस्पीकर असतो. त्यावर पाहुण्यांचे सत्कार होतात, ट्रॉफीच्या दात्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. हिएरॉनची परंपरा आपण नीट चालवत आहोत. अंतिम सामन्याच्या नाणेफेकीआधी दोन मिनिटं आवासातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला द्यावीत. कविता मराठीत असो, अहिराणीत असो. गर्दी गोंगाट करील, काही ओळी हवेत विरतील, पहिल्या वर्षी कदाचित कुणी ऐकणारही नाही. तरी द्यावीत. विषय मात्र देऊ नये. ती कदाचित घरी बसून साडीवर टिकल्या चिकटवणाऱ्या आईचं नाव घेईल, रात्रपाळी करून सकाळी गोलंदाजी करणाऱ्या भावाचं घेईल, मिलमधल्या अपघातात हात गमावलेल्या शेजाऱ्याचंही घेईल. ते शेवटचं नाव एखाद्या देणगीदाराला खटकू शकतं. ते कापलं जाणार नाही, हे स्पर्धेच्या बैठकीत आधीच ठरवून घ्यावं लागेल.