बाणावरचें नांव

हातानें घडविलेल्या लांकडी वस्तूवर शेवटीं दोन संस्कार होतात. एक रक्षणाचा आणि दुसरा शोभेचा. लांकडाचीं छिद्रें तेलानें, राळेनें किंवा लाखेनें बुजवून त्यास पाण्यापासून वांचविणें हा पहिला. आणि मग त्यावर रंगाच्या रेघा, वेलबुट्टी किंवा अक्षरें काढणें हा दुसरा. रायगडच्या किनाऱ्यावर राहणारास हे दोन्ही संस्कार परिचयाचे आहेत. उरणपासून मुरुडपर्यंतचे कोळी बांधव आपल्या लांकडी होड्यांना पिढ्यान् पिढ्या माशांचें तेल चोळीत आले आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याच होड्या रंगवून, पताका लावून समुद्राच्या स्वाधीन करीत आले. होडी कशाला रंगवितां, असें त्यांना कोणी विचारीत नाहीं. होडी घरचें पोट भरते आणि माणसांना सुखरूप परत आणते. तिचा गौरव करावासा वाटणें स्वाभाविक आहे.

होडीच्या जागीं बाण ठेवला म्हणजे मात्र प्रश्न अवघड होतो. बाण मारण्यासाठीं केलेला असतो आणि पुष्कळदां हरवण्यासाठींच सोडलेला असतो. जी काठी उद्यां झुडपांत नाहींशी व्हावयाची तिच्यावर कारागिरानें आपले श्रम कां वेंचावे? आणि जिच्यामुळें एखाद्या जीवाचा प्राण जावयाचा तिला नटविणें सुसंस्कृत मनास शोभतें काय? पहिला आक्षेप व्यर्थतेचा आहे, दुसरा क्रौर्याचा. धनुष्यबाणाचें युग सरलें असलें तरी हे दोन्ही आक्षेप जुने झालेले नाहींत, हें पुढें दिसून येईल.

प्रथम रक्षणाचा संस्कार घेऊं. त्याचें समर्थन सोपें आहे. ओलावा शोषलेली काठी जड होते व वांकते, आणि वांकलेला बाण नेम सोडतो. नेम चुकला तर शिकार निसटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे जनावर जखमी होऊन रानांत तडफडत राहतें. तेव्हां बाणाच्या काठीवर तेलाचा हात फिरविणें हें मारणाराच्या सोयीचें आहेच, पण मरणाराच्या दृष्टीनेंही तें अधिक दयेचें आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचें 'मेरी रोज' हें लढाऊ जहाज 1545 सालीं बुडालें आणि 1982 सालीं वर काढण्यांत आलें. त्याच्या अवशेषांत साडेतीन हजारांवर बाण मिळाले. ज्या भागीं पिसें बसविलेलीं असत त्या भागावर तांब्याचा अंश असलेला हिरवट लेप आढळला. पिसें टिकावीं व त्यांस कीड लागूं नये यासाठीं तो असावा, असें अभ्यासक मानतात. म्हणजे रक्षणाचा लेप हाच तेथें रंगही होता. ज्या वर्षीं तें जहाज बुडालें त्याच वर्षीं रॉजर अ‍ॅस्कम याचा 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रीक शिकविणाऱ्या त्या पंडितास बाणाची काठी कोणत्या लांकडाची असावी आणि पीस कोणत्या पक्ष्याचें घ्यावें, याची चर्चा करण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

आतां शोभेकडे वळूं. आपल्या प्राचीन वाङ्मयाकडे पाहिलें तर शस्त्रावरील शोभा ही बहुधा ओळख असते असें दिसतें. विराटपर्वांत उत्तर शमीवृक्षावर चढून पांडवांचीं शस्त्रें खालीं काढतो. एका धनुष्यावर सोन्याचे ठिपके, दुसऱ्यावर हत्ती, तिसऱ्यावर इंद्रगोप म्हणजे आपले मृगाचे किडे, अशीं नाना चिन्हें पाहून तो भांबावतो, आणि धनुष्यें व बाण कोणाचे म्हणून एकेकाविषयीं विचारूं लागतो. बृहन्नडा प्रत्येक चिन्हाचा धनी सांगते. अज्ञातवासांत पांडवांनीं नांवें व वेष बदलले, पण शस्त्रांवरचीं चिन्हें बदललीं नाहींत. तीं झाडावर दडवून ठेवावीं लागलीं. याचें कारण उघड आहे. तीं खोटें बोलूं शकत नव्हतीं.

कालिदासानें तर या कल्पनेचा एकाहून अधिक वेळां उपयोग केला आहे. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गांत अश्वमेधाचा घोडा पळविणाऱ्या इंद्राच्या भुजेंत रघु जो बाण मारतो त्यावर रघूचें स्वतःचें नांव आहे. 'विक्रमोर्वशीया'च्या शेवटच्या अंकांत गिधाडानें पळविलेला मणि एका बाणामुळें परत मिळतो. त्या बाणावरील अक्षरें वाचून पुरूरव्यास प्रथमच कळतें कीं आपणांस उर्वशीपासून झालेला आयु नांवाचा पुत्र आहे. एका लांकडी काठीवर कोरलेल्या नांवानें बापलेकांची भेट घडते. व्यर्थतेच्या आक्षेपास येथें उत्तर मिळतें. हातांतून सुटलेला बाण आपल्या ताब्यांत राहत नाहीं, म्हणूनच त्यावर आपली खूण असावयास हवी.

या खुणेला न्यायाचें रूप कसें येतें याचें उदाहरण दूरच्या कालाहारी वाळवंटांत मिळतें. तेथील सान लोकांमध्यें राहून लोर्ना मार्शल यांनीं 1951 पासून जो अभ्यास केला त्यांत शिकारीच्या वांटणीची एक रीत नोंदलेली आहे. जनावर कोणीही मारलेलें असो, ज्याचा बाण त्यास लागला त्याचें तें मांस, आणि वांटणीचा पहिला अधिकारही त्याचाच. शिकारी एकमेकांस बाण देतात व एकमेकांचे बाण वापरतात. त्यामुळें रानांत न गेलेला म्हातारा, प्रसंगीं एखादी स्त्रीसुद्धां, मांसाची धनीण ठरूं शकते. नेमबाजाचा गर्व वाढत नाहीं आणि दुर्बळाचा वांटा बुडत नाहीं. बाण कोणाचा हें ओळखतां येणें हीच तेथें सगळ्या व्यवहाराची पायरी आहे.

तरीही क्रौर्याचा आक्षेप शिल्लक राहतोच. रघूनें आपलें नांव इंद्राच्या देहांत रुतविलें त्यांत जबाबदारीपेक्षां अभिमानच अधिक नव्हता काय? होता, असें मला वाटतें. आणि तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु शस्त्राच्या नीतीविषयीं आपल्या शास्त्रकारांनीं काय निषिद्ध मानलें तें पाहावें. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत योद्ध्यानें वर्ज्य करावयाचीं शस्त्रें सांगितलीं आहेत. त्यांत आंत लपविलेलें शस्त्र आहे, काढतां न येणारा कांटेरी बाण आहे, विषानें माखलेला बाण आहे, पेटता बाण आहे. सुशोभित बाण त्यांत नाहीं. ज्यांत कपट आहे किंवा ज्यानें यातना उगाच वाढतात तेंच शस्त्र मुख्यतः त्याज्य ठरलें.

नांव घातल्यानें कृत्य निर्दोष होतें असें मात्र कोणी समजूं नये. रामानें वालीस आडून मारलें, आणि त्या कृत्याची चर्चा आजही थांबलेली नाहीं. पण ती चर्चा सुरू झाली ती वालीच्याच तोंडून, आणि मारणारा समोर येऊन उभा राहिला म्हणून. दशरथानें अंधारांत आवाजाच्या रोखानें बाण सोडला. नदीकांठीं दुसरा कोणी नव्हता. तो मुकाट्यानें परतला असता तर कोणास कळलें असतें? तो त्या मुलाजवळ गेला, आणि मग शापाची भीति असतांही त्याच्या आईबापांपुढें जाऊन त्यानें आपलें नांव सांगितलें. पाप त्यानें फिटलें नाहीं. पण ज्यांचा मुलगा गेला त्यांना जाब विचारण्यास माणूस मिळाला. मला वाटतें, खुणेचें नैतिक मोल एवढेंच आहे, आणि हें थोडें नाहीं.

येथें आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आणखी एक अट घालावयास लावतो. मुरुडजवळचें फणसाडचें रान हें एके काळीं जंजिऱ्याच्या नवाबाचें शिकारीचें राखीव रान होतें; 1986 सालीं तें अभयारण्य झालें. याच डोंगरपट्टींत कातकरी राहत आले. खैराचा कात काढणारे म्हणून त्यांचें हें नांव, आणि धनुष्यबाण हें त्यांच्या पोटाचें साधन. राखीव रानांत राजाची बंदूक ही शिकार ठरते आणि गरिबाचा साधा बाण हा चोरीचा पुरावा ठरतो, हा सगळ्या जगाचा जुना न्याय आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक बंधनें घातलीं, तें योग्यच झालें. पण नक्षीदार शस्त्र बाळगणाऱ्या सत्ताधीशास त्या नक्षीबद्दल जाब विचारण्याची कोणाची छाती होती? उरण तालुक्यांतील चिरनेर येथें 25 सप्टेंबर 1930 रोजीं जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यांतील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हें नांव आहे. मरणारांचीं नांवें आपण दर वर्षीं घेतों. गोळीवर मात्र कोणाचें नांव नसतें. तेव्हां अट अशी कीं, खूण वाचणारास प्रश्न विचारण्याचा अधिकार असला तरच ती खूण जबाबदारीची होते. तो नसेल तर ती नुसता दागिना आहे.

आजच्या नेमबाजीच्या सामन्यांत बाण कार्बनचे असले तरी जागतिक संघटनेच्या नियमानें प्रत्येक बाणावर खेळाडूचें नांव किंवा आद्याक्षरें असावीं लागतात, आणि एका फेरींत वापरलेल्या सर्व बाणांचीं पिसें व रंगाचे पट्टे सारखे असावे लागतात. गुण कोणाचे, हें पंचास निःशंकपणें कळावें एवढाच त्याचा हेतु. जो नियम खेळांत सर्वांस मान्य आहे तो संसारांत मात्र आपण सहज विसरतों.

आपल्यापैकीं फार थोड्यांनीं धनुष्य हातीं धरलें असेल. पण शब्दाचा बाण सोडला नाहीं असें घर सांपडणार नाहीं. ठरत आलेलें लग्न निनावी पत्रानें मोडल्याच्या गोष्टी प्रत्येक आळींत ऐकूं येतात. मुलीविषयीं किंवा मुलाविषयीं दोन ओळी लिहिल्या जातात, पाकीट टपालांत पडतें, आणि लिहिणारा पुढें त्याच घरीं हळदीकुंकवाला किंवा समाचाराला जातो. हल्लीं टपालाचीही गरज उरलेली नाहीं. खोटें नांव घेऊन हजारों लोकांपुढें एखाद्याची अब्रू घेतां येते. मनूनें लपविलेल्या शस्त्राचा निषेध केला तो याच जातीच्या शस्त्राचा.

यावर कोणी म्हणेल कीं, कधीं कधीं खरें सांगण्यास नांव लपवावें लागतें. वरिष्ठाचा लांच उघड करणारा कारकून, धन्याचा जुलूम सांगणारी मोलकरीण, यांनीं सही केली तर त्यांची भाकरी जाते. हें म्हणणें मला मान्य आहे, आणि फणसाडच्या उदाहरणावरून जी अट निघाली तीच येथेंही लागू पडते. ज्याच्याविरुद्ध लिहावयाचें तो बलवान् आणि लिहिणारा दुर्बळ असेल, तर नांव झांकणें हें दुर्बळाचें चिलखत आहे. पण ज्या मुलीचें लग्न मोडावयाचें ती लिहिणारापेक्षां बलवान् कशी? तिला तर कोणाला विचारावें हेंही कळत नाहीं. म्हणून असें पत्र लिहावयास बसणारानें आधीं खालीं सही करून पाहावी. हात अडखळला तर तो कोणाच्या भीतीनें अडखळला, याचा विचार करावा. समोरच्याच्या सामर्थ्याची ती भीति नसेल, तर तो कागद फाडून टाकावा.